आकडा आधी, मूर्ती नंतर

जगातला सर्वांत उंच पुतळा आपल्याकडे उभा राहणार, अशी घोषणा झाली की तिच्या बाजूने होणारा युक्तिवाद ठरलेला असतो. माणूस जेवढा थोर, तेवढा त्याचा पुतळा उंच हवा. उंची हीच आदराची मोजपट्टी. आणि जगात पहिला क्रमांक लागला तर त्यात त्या थोर पुरुषाचाही मान आहे आणि आपलाही. विरोध करणारे त्यावर म्हणतात, एवढ्या पैशात किती रुग्णालये झाली असती, किती शाळा झाल्या असत्या. गेली कित्येक वर्षे दोन्ही बाजू एवढेच बोलत आल्या आहेत. रुग्णालयाचा मुद्दा मला पटत नाही, हे आधीच सांगतो. आपल्या माणसांची आठवण दगडात किंवा धातूत जपावी असे ज्या समाजाला वाटते, तो उधळा आहे असे मी मानत नाही. रुग्णालय बांधणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पुतळा झाला म्हणून ते संपत नाही आणि पुतळा झाला नाही म्हणून आपोआप पारही पडत नाही. माझा आक्षेप खर्चाच्या आधीच्या पायरीवर आहे. उंचीचा आकडा आधी जाहीर केला की पुढचा प्रत्येक निर्णय तो आकडाच घेतो. मूर्तीची ठेवण, तिची प्रमाणे, जागा, मुदत, आणि पन्नास वर्षांनी तिच्याकडे कोण पाहणार हेसुद्धा त्यावरच ठरते. उंच पुतळे मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. उंची हेच ध्येय म्हणून कागदावर पहिल्या ओळीत लिहिले गेले की स्मारक बिघडते, एवढेच मला सांगायचे आहे, आणि त्याचा पुरावा जगभरच्या उंच पुतळ्यांनीच देऊन ठेवला आहे.

मुळात हा आकडा मोजायचा कसा, यावरच एकवाक्यता नाही. गुजरातमध्ये केवडियाजवळ साधू बेटावर ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी लोकार्पण झालेला सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटरचा. चौथरा धरला तर २४० मीटर. चीनच्या हनान प्रांतातल्या लूशान इथला बुद्ध १२८ मीटरचा, पण खालचे सगळे बांधकाम मोजले तर २०८. न्यूयॉर्कच्या बंदरातली स्वातंत्र्यदेवता ४६ मीटरची की ९३ मीटरची, हे चौथरा मोजता की नाही यावर आहे. जपानमधल्या उशिकूचा अमिताभ बुद्ध १२० मीटरचा म्हणतात, त्यातले २० मीटर पायथा आणि कमळाचे. बाली बेटावरची गरुडारूढ विष्णूची मूर्ती १२१ मीटरची म्हणून सांगितली जाते, तिच्यात मूर्ती ७५ मीटरची आहे. म्हणजे काय मोजायचे ते आधी ठरवले की पहिला क्रमांक हवा त्याला देता येतो. आणि मिळालेला क्रमांक टिकतो किती? १९६७ साली व्होल्गोग्राडची मातृभूमीची मूर्ती जगात सर्वांत उंच होती. मग जपानी मूर्तींनी तिला मागे टाकले, त्यांना २००८ मध्ये लूशानच्या बुद्धाने, आणि त्याला दहा वर्षांनी सरदारांच्या पुतळ्याने. म्यानमारमध्ये मोन्यवाजवळ लेक्युन सेक्या ही ११६ मीटरची बुद्धमूर्ती १९९६ पासून बारा वर्षे बांधली जात होती. २००८ मध्ये ती पुरी झाली त्याच वर्षी लूशानचा बुद्ध तिच्याहून उंच उभा होता. उंचीच्या विक्रमावर ज्याचा मान अवलंबून ठेवला, त्याचा मान दुसऱ्या देशातल्या एका निविदेने कमी होऊ शकतो. गौतम बुद्धाचा किंवा वल्लभभाईंचा मान असा कुणाच्या हातात देणे मला आदराचे लक्षण वाटत नाही.

उंची वाढवत नेली की मूर्तीची ठेवण वारा ठरवू लागतो. शंभर मीटरच्या पुढे मूर्ती ही आतून इमारतच असते: काँक्रीटचा गाभा, लिफ्ट, पोलादी सांगाडा, आणि त्यावर बाहेरून धातूचा पत्रा. इमारतीला जे मानवेल तेच अंगविक्षेप मूर्तीला परवडतात. सर्वांत उंच पुतळ्यांची यादी या नजरेने पाहावी. लूशान, लेक्युन सेक्या, उशिकू, जपानमधलेच सेंदाई, या सगळ्या मूर्ती ताठ उभ्या, हात अंगालगत, वस्त्र पायघोळ आणि तळाशी रुंद. बुद्धाच्या आणि करुणेची देवता कान्नोन हिच्या मूर्तींना ही ठेवण शतकानुशतकांच्या परंपरेने मिळालेली आहे, म्हणून तिथे ती शोभते. सरदारांचे तसे नव्हते. धोतर नेसलेला, पाऊल पुढे टाकण्याच्या बेतात असलेला माणूस. पायांत फट, म्हणजे जिथे रुंदी सर्वांत जास्त हवी तिथेच ती सर्वांत कमी. अभियंत्यांनी पायांतून काँक्रीटचे दोन गाभे नेले, वाऱ्याने आणि भूकंपाने होणारी थरथर शोषण्यासाठी प्रत्येकी २५० टनांची दोन वजने आत टांगली, आणि हा पेच सोडवला. हे काम मोठे आहे, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण या श्रेयातून पुढचा युक्तिवाद काढला जातो, की असा पुतळा म्हणजे देशाच्या अभियांत्रिकीचा अभिमान. त्याच ठिकाणी नर्मदेवरचे धरण आहे, कोकणात रेल्वेचे बोगदे आणि पूल आहेत. अभियांत्रिकीचा अभिमान बाळगायला तिची स्वतःची कामे पुरेशी आहेत. शिवाय ब्राँझचे पत्रे चीनमधल्या ओतशाळेत ओतून आणावे लागले, कारण एवढ्या आकाराचे ओतकाम एवढ्या वेळात करणारी ओतशाळा आपल्याकडे नव्हती. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावच्या राम सुतारांनी घडवलेल्या रूपाचे अंतिम ओतकाम त्यांच्या नजरेसमोरच्या भट्टीत झाले नाही. आकडा आधी ठरला, मुदत आधी ठरली, म्हणून ही वेळ आली.

आकडा मूर्तीवर किती कुरघोडी करू शकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या घरचेच आहे. मुंबईजवळ अरबी समुद्रात होऊ घातलेल्या शिवस्मारकाचे जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. स्मारकाची एकूण उंची सुरुवातीला १९२ मीटर होती, मग ती जगात सर्वांत जास्त ठरावी म्हणून २१० मीटरच्या पुढे नेली. २०१८ मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आलेल्या तपशिलानुसार आराखड्यात एक बदल झाला: महाराजांच्या अश्वारूढ मूर्तीची उंची ८३.२ मीटरवरून ७५.७ मीटरवर आणली गेली, आणि हातातली तलवार ३८ मीटरवरून ४५.५ मीटरची केली गेली. मूर्ती साडेसात मीटरने घटली, तलवार साडेसात मीटरने वाढली, चौथऱ्यावरची बेरीज १२१.२ मीटर होती, ती तशीच राहिली. हा हिशेब शांतपणे वाचावा अशी माझी वाचकांना विनंती आहे. जाहीर केलेला आकडा कमी होऊ द्यायचा नव्हता, म्हणून ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांचीच मूर्ती लहान केली गेली. घोड्यासकट स्वाराच्या उंचीच्या निम्म्याहून लांब तलवार कोणता शिल्पकार आपणहून काढेल? शरीर आणि शस्त्र यांचे प्रमाण हा शिल्पातला पहिला धडा आहे. तो धडा इथे बेरजेपुढे हरला. सन्मानासाठी उंची, हा ज्यांचा युक्तिवाद आहे त्यांनी या एका बदलाचे उत्तर द्यायला हवे, कारण इथे उंची आणि सन्मान समोरासमोर आले होते आणि उंचीची निवड झाली.

अशा लांब तलवारीचे पुढे काय होते, तेही व्होल्गोग्राडने दाखवून दिले आहे. येवगेनी वुचेतिच यांची ती मूर्ती ८५ मीटरची, तिची तलवार ३३ मीटरची. मूळ तलवार पोलादाची, वरून टायटॅनियमचे पत्रे. मोकळ्या टेकडीवरच्या वाऱ्यात ती हेलकावे खाई आणि पत्रे खडखडत. शेवटी १९७२ मध्ये ती काढून, टोकाकडे वारा पार जावा म्हणून भोके ठेवलेली नवी तलवार बसवावी लागली. तिथे नदीकाठची टेकडी होती. इथे उघडा समुद्र, खारा वारा, पावसाळी वादळे, आणि तलवार त्याहून साडेबारा मीटर लांब. पण व्होल्गोग्राडचे नाव मी केवळ हा धोका दाखवायला घेत नाही. ती मूर्ती मला महान वाटते, आणि ती महान का आहे हे समजून घेतले पाहिजे. ममायेव कुर्गान ही ती टेकडी, जिच्यासाठी स्टालिनग्राडच्या लढाईत महिनोन्महिने माणसे मेली. तिच्या पोटात चौतीस हजारांहून अधिक सैनिकांचे दफन आहे. लढाईच्या दोनशे दिवसांच्या आठवणीने तिथे दोनशे पायऱ्या आहेत. मूर्ती ओरडते आहे, मागे वळून हाक देते आहे, वस्त्र वाऱ्याने मागे फडकते आहे. तिचा विक्रम कधीच गेला. तिच्या पायऱ्या चढणाऱ्या कुणालाही त्याने काही उणे वाटत नाही.

आता पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करू, कारण पुतळा शेवटी पाहण्यासाठी असतो. भूमितीचा साधा नियम आहे. १८२ मीटरचा पुतळा ४०० मीटरवरून पाहिला तर तो डोळ्यांत तेवढीच जागा घेतो, जेवढी सहा फुटी माणसाचा पुतळा चार मीटरवरून घेतो. पूर्ण आकृती एका नजरेत मावावी म्हणून मागे सरकावे लागते, आणि मागे सरकताच आकार नेहमीचा होतो. प्रचंडपणा जाणवतो तो पायाशी, पण तिथून दिसतात ती पावले आणि धोतराचा काठ; चेहरा दिसत नाही. समुद्रातल्या स्मारकाचे गणित याहून कठोर आहे: १२१ मीटरची आकृती दीड किलोमीटरवरून पाहिली, तर ती दीड मीटरवर ठेवलेल्या जेमतेम १२ सेंटिमीटरच्या मूर्तीएवढी दिसेल. शिवाय लहान नमुना स्कॅन करून यंत्राने वाढवला जातो तेव्हा नुसता आकार वाढतो. शिल्पकाराच्या बोटांनी मातीत दिलेला दाब, गालफडाच्या कडेला घेतलेला निर्णय, पापणीखालची सावली, हे सगळे मूळ मापासाठी केलेले असते. पंचवीसपट, पन्नासपट केल्यावर ते गुळगुळीत होते. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात विनायकराव उर्फ नानासाहेब करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी १९२८ पासून उभा आहे. तो साडेतेरा फुटांच्या आसपासचा. माझगाव डॉकमध्ये तो एकसंध ओतला गेला, आणि ते काम करमरकरांनी स्वतः उभे राहून करून घेतले. घोड्याच्या मानेचा ताण आणि स्वाराच्या मांडीची पकड त्यात अशी उतरली आहे की ब्राँझ जिवंत वाटावे. गेटवे ऑफ इंडियासमोरचा सदाशिव साठ्यांचा शिवाजीही तसाच. महाराष्ट्राने जगाला दाखवावे असे शिल्पकाम या दोन पुतळ्यांत आहे, आणि दोन्ही पुतळ्यांच्या चेहऱ्याकडे माणूस जमिनीवर उभा राहून पाहू शकतो. याच भूमीतल्या ज्या सुतारांनी संसदेच्या आवारातला ध्यानस्थ गांधी घडवला, त्यांची प्रतिभा मला त्या बसलेल्या मूर्तीच्या मिटल्या पापण्यांत अधिक दिसते. केवडियाच्या १८२ मीटरमध्ये ती शोधावी लागते.

यावर परंपरेचा आधार घेऊन एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला गंभीरपणेच उत्तर द्यायला हवे. भव्य मूर्ती ही काय आजची हौस आहे? श्रवणबेळगोळचा बाहुबली हजार वर्षांपूर्वीचा, बामियानचे बुद्ध त्याहून जुने, चीनमधल्या लेशानचा ७१ मीटरचा बसलेला बुद्ध आठव्या शतकातला. मग आजच्यांनाच दोष का? उत्तर श्रवणबेळगोळलाच आहे. चावुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस करवलेली ती ५७ फुटी मूर्ती विंध्यगिरीच्या माथ्यावरच्या अखंड खडकातून काढली. किती उंच करायची हे खडकाने सांगितले. मांड्यांपर्यंत मागे खडकाचाच आधार ठेवला, त्याच्या वर देह मोकळा झाला. अंगावर वेली चढल्या तरी ढळला नाही अशा तपस्व्याची ती मूर्ती आहे. तिचे निश्चल ताठपण कथेतूनच आले आहे. तिच्या पायाशी कोरलेला लेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो, त्यामुळे आपल्या भाषेचेही तिथे एक ठिकाण आहे. दर बारा वर्षांनी मस्तकाभिषेकासाठी माणसे तिच्या माथ्यापर्यंत चढतात आणि एरवी चरणांना हात लावतात. तिच्याहून उंच जैन मूर्ती आता आपल्याच नाशिक जिल्ह्यात मांगीतुंगीला आहे, १०८ फुटांची, पर्वतात कोरलेली. म्हणून श्रवणबेळगोळची यात्रा ओस पडली नाही. कन्याकुमारीचा तिरुवळ्ळुवरही बघा. गणपती स्थपतींनी घडवलेली ही पाषाणमूर्ती चौथऱ्यासह १३३ फुटांची, कारण तिरुक्कुरळचे अध्याय १३३. चौथरा ३८ फुटांचा, कारण धर्मावरचे अध्याय ३८. मूर्ती ९५ फुटांची, कारण अर्थ आणि काम यांवरचे उरलेले अध्याय ९५. आकडा इथेही आधी ठरला, हे मान्य. पण तो कवीच्या ग्रंथातून ठरला, शेजारच्या देशातल्या पुतळ्याची उंची पाहून ठरला नाही. सरदारांच्या पुतळ्याचे १८२ मीटर गुजरात विधानसभेच्या १८२ जागांवरून घेतले गेले. ज्या माणसाने पाचशेहून अधिक संस्थाने एका देशात आणली, त्याच्या कार्याशी या संख्येचा काय संबंध लागतो? परंपरेत उंची मूर्तीच्या आशयातून, दगडातून, जागेतून येते. बालीच्या न्योमन नुआर्तांचेही तसेच झाले. पंख पसरलेल्या गरुडावर बसलेला विष्णू ही त्यांची कल्पना; पैसे आटले, काम वर्षानुवर्षे रखडले, पाव शतकाहून अधिक काळ गेला, पण रचना बदलली नाही, आणि २०१८ मध्ये ती जशी मनात होती तशी उभी राहिली. उंच पुतळा चांगला होऊ शकतो, हे मी नाकारत नाही ते याच मूर्तीमुळे.

पर्यटनाचा मुद्दा सर्वांत हिरिरीने मांडला जातो. केवडियाला वर्षाला पन्नास लाखांच्या घरात माणसे येऊ लागली आहेत, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवून माझा युक्तिवाद मजबूत होणार नाही. पण तिथे एकटा पुतळा नाही. सरदार सरोवर धरण आहे, फुलांचे उद्यान, प्राणिसंग्रहालय, जंगल सफारी आहे, आणि जानेवारी २०२१ मध्ये नवे स्थानक उघडून देशाच्या वेगवेगळ्या शहरांतून एका दिवशी आठ गाड्या सुरू केल्या गेल्या. एवढी सोय ज्या जागी केली जाईल तिथे माणसे जातील. उलट बाजूही पाहावी: रिओ द जानेरोचा ख्रिस्त अवघा ३० मीटरचा, १९३१ चा, उंचीच्या यादीत फार खाली, आणि तरी डोंगरमाथ्यावरून खाडी कवेत घेणारे ते हात जगभरच्या माणसांना ओढून आणतात. सेनेगलमध्ये डाकारला २०१० साली आफ्रिकी पुनर्जागरणाचे स्मारक झाले, आफ्रिकेतले सर्वांत उंच म्हणून. बांधले उत्तर कोरियाच्या कंपनीने, आणि कल्पना आपली म्हणून तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी उत्पन्नातला ३५ टक्के वाटा स्वतःकडे मागितला. आफ्रिकेच्या जागृतीचे रूप आफ्रिकेच्या शिल्पकारांऐवजी परदेशी कारखान्यातून यावे, हे त्या देशातल्या पुष्कळांना लागले. केवडियाच्या हिशेबात आणखी एक रक्कम धरावी लागेल, ती म्हणजे ज्यांच्या जमिनी साठच्या दशकात धरणाच्या वसाहतीसाठी घेतल्या गेल्या, त्या केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम, गोरा या गावांतल्या आदिवासींची. २०१८ मध्ये सोहळा चालू असताना ते निषेध करत होते.

पुढच्या पिढीवर काय पडते, तेही जपानकडून शिकता येते. आवाजी बेटावर एका बांधकाम व्यावसायिकाने १९८२ मध्ये शंभर मीटरची कान्नोन उभारली. पैसा खुळखुळणारा काळ होता, आत संग्रहालय आणि वर निरीक्षण मजला होता. मालक गेला, मग त्याची पत्नी गेली, २००६ मध्ये दारे बंद झाली. वारसांनी ती घेतली नाही. वादळात बाहेरचे तुकडे सुटून पडू लागले, आसपासची घरे धास्तावली, आणि २०२० मध्ये बेवारस म्हणून ती सरकारच्या गळ्यात आली. ती पाडायला सुमारे ८८ कोटी येन सार्वजनिक पैसे लागले. करुणेच्या देवतेची मूर्ती मजला-मजला करून उतरवली गेली. चीनच्या जिंगझोऊमध्ये सेनानी ग्वान यू याचा ५८ मीटरचा ब्राँझ पुतळा २०१६ मध्ये उभा राहिला. जुन्या शहराचे रूप त्याने बिघडवले म्हणून केंद्रीय मंत्रालयाने २०२० मध्ये टीका केली, आणि मग तो उतरवून दुसरीकडे हलवायचे ठरले. त्याचाच अंदाज साडेपंधरा कोटी युआनचा होता. साडेतेरा फुटांचा पुतळा नगरपालिका पुसते, गरज पडली तर हलवते. शंभर मीटरचा पुतळा ही कायमची जबाबदारी आहे: गंज, लिफ्ट, विजा, सांध्यांची तपासणी. घोषणेच्या दिवशी हा खर्च कुणी सांगत नाही, कारण घोषणा आकड्याची असते.

लोकभावनेचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून तो शेवटी घेतला. लोकांनाच भव्य हवे आहे, तुम्ही कोण नको म्हणणारे? छत्रपती आणि बाबासाहेब यांच्याविषयी मराठी माणसाच्या मनात जे आहे त्याला कुठलेही माप पुरे पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या भावनेला आपण काय करायला देतो? १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्याचे पैसे संपले तेव्हा जोसेफ पुलित्झर यांच्या वर्तमानपत्राने वर्गणी मागितली. लाखाहून अधिक माणसांनी पैसे दिले, बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी, आणि त्यांची नावे छापली गेली. सरदारांच्या पुतळ्यासाठी देशभरच्या गावांतून शेतकऱ्यांची जुनी अवजारे मागवली होती. ते लोखंड मूर्तीत गेले नाही, प्रकल्पाच्या इतर कामांत गेले. शेतकऱ्यांच्या नेत्यासाठी याहून योग्य धातू नव्हता, पण तेवढ्या उंचीच्या इमारतीला तो चालणारा नव्हता. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला अनावरण झालेला महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. तो तर फार उंचही नव्हता, मग त्याचा इथे काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध हा की तिथे आकड्याच्या जागी तारीख होती. समारंभाची तारीख आधी ठरली आणि काम तिच्या मागे धावले; नटबोल्ट गंजत असल्याचे पत्र पडण्याच्या काही दिवस आधी गेले होते. आणि समोरच पाण्यात सिंधुदुर्ग आहे. तिथल्या शिवराजेश्वर मंदिरात राजाराम महाराजांच्या काळापासून शिवरायांची लहानशी मूर्ती पुजली जाते. तीनशे वर्षांची लोकभावना तिथे रोज नेमाने येते, आणि तिने कधी त्या मूर्तीची उंची विचारली नाही. दादरला इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचा पुतळा आधी २५० फुटांचा ठरला होता, मग ३५० फुटांचा झाला. भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. दहा वर्षे उलटूनही काम चालूच आहे. ज्यांनी आयुष्यभर ग्रंथ जमवले आणि ग्रंथांसाठी घर बांधले, त्यांच्या स्मारकात ग्रंथालय आणि संशोधनाची जागा सर्वांत आधी वापरात यायला हवी होती.

अरबी समुद्रातल्या स्मारकाचे काम न्यायालयातल्या वादामुळे २०१९ पासून थांबलेले आहे. तो वाद आपल्या गतीने चालेल, पण राज्य सरकारला हा काळ फेरविचारासाठी वापरता येईल. निविदेतून उंचीची अट काढून टाकावी. देशातल्या शिल्पकारांची खुली स्पर्धा घ्यावी, मातीचे नमुने लोकांना पाहायला ठेवावेत, आणि मूर्ती निवडल्यावर तिला कोणते माप पेलते हे शिल्पकार आणि अभियंता यांनी मिळून ठरवावे. ते माप साठ फूट निघाले तर साठ फूट करावे. पन्नास वर्षांच्या देखभालीचा पैसा पहिल्याच अर्थसंकल्पात बाजूला काढावा. इंदू मिलचे अभ्यासकेंद्र पुतळ्याची वाट न पाहता उघडावे. आणि वाचकांना एवढेच सांगणे आहे: यापुढे कुणी व्यासपीठावरून पुतळ्याची उंची सांगू लागले, तर त्यांना शिल्पकाराचे नाव विचारा, मूर्तीचा मातीतला नमुना कुठे पाहायला मिळेल ते विचारा, आणि देखभालीची तरतूद किती केली आहे तेही विचारा.